मेल्यावर किती मागे जावं लागतं?

जुन्या लष्करी शूटर गेमविषयी प्रश्न पाठवा म्हटलं, तर बहुतेक पत्रांचा सूर एकच: "सगळ्यात भारी कुठला, तेवढं सांगा." तेवढं सांगून भागलं असतं तर हे सदर पोस्टकार्डावर मावलं असतं. निवडताना लोक नाव बघतात, ग्राफिक्स बघतात. आमच्या मते आधी बघायची गोष्ट वेगळीच आहे. गोळी लागून मेलात की गेम तुम्हाला किती मागे नेऊन सोडतो? दहा सेकंद की अर्धा तास? जुन्या गेममध्ये या एका गोष्टीत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि अर्धवट सोडलेल्या बहुतेक गेमचं कारणही तेच असतं.

राजारामपुरीतून सेकंड हँड ऑफिस पीसी घेतलाय. तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, विंडोज १०, ग्राफिक्स कार्ड नाही. कॉलेज आणि काम सांभाळून रात्री तासभर मिळतो. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, शाहूपुरी

या मशीनमध्ये बहुधा आय-फाइव्ह ३४७० किंवा त्याच्या भावकीतला प्रोसेसर असेल. त्यातलं इंटेल एचडी २५०० ग्राफिक्स आजच्या गेमपुढे हात टेकतं, पण २००५ पर्यंतच्या गेमना पुरून उरतं. २००२ च्या 'मेडल ऑफ ऑनर: अलाइड असॉल्ट'ची मागणी ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम टू आणि १२८ एमबी रॅम एवढीच होती. फक्त एक तपासा: ८ जीबीची एकच पट्टी आहे की ४-४ च्या दोन? वेगळं कार्ड नसलं की ग्राफिक्स रॅममधूनच जागा आणि वेग घेतं. दोन पट्ट्या दोन्ही खाचांत असल्या तर रॅमचा रस्ता दुपदरी होतो आणि त्याच मशीनवर गेम नजरेत भरेल इतका हलका चालतो. डीडीआर-थ्रीची जुनी पट्टी स्वस्तात मिळते. कार्डाचा विचार त्यानंतर.

रात्रीचा एकच तास असेल तर पहिला गेम 'कॉल ऑफ ड्यूटी २', साल २००५. तो स्वतःच थोड्या थोड्या अंतरावर सेव्ह करतो. मेलात तर मिनिट-दोन मिनिटं मागे जाता, त्याहून जास्त नाही. औषधाच्या पेट्या शोधायच्या नाहीत, आडोशाला दम खाल्ला की तब्येत भरून येते. स्टॅलिनग्राडचा बर्फ, उत्तर आफ्रिकेचं वाळवंट आणि पॉइंट द्यू हॉकचा कडा, तिन्ही आघाड्या त्यात आहेत. पीसी धापा टाकायला लागला तर ग्राफिक्सच्या पर्यायांत डायरेक्टएक्स ९ ऐवजी ७ निवडा. धूर आणि उजेड साधा दिसतो, पण गेम पळायला लागतो. धुराचा हातबॉम्ब वापरायला मात्र शिका. मशीनगनसमोरच्या मोकळ्या मैदानात धूर टाकून तीन-चार सेकंद थांबायचं, तो दाट होऊ द्यायचा, मग पळायचं. टाकल्या टाकल्या पळणारा हमखास मरतो.

त्यानंतर 'अलाइड असॉल्ट'. यात केव्हाही सेव्ह करता येतं, पण तब्येत आपोआप भरत नाही. म्हणजे मागे किती जायचं ते तुमच्या हातात, आणि चूकही तुमचीच. पाच टक्के तब्येत उरलेली असताना सेव्ह केलं आणि पुढच्या वळणावर तिघे उभे असले, तर तो सेव्ह कुचकामी. म्हणून नेहमी दोन सेव्ह ठेवा: एक आत्ताचा, एक मिशनच्या सुरुवातीचा. तिसऱ्या मिशनमधला ओमाहा बीच सगळ्यांना आठवतो. खरी परीक्षा पाचव्यात आहे, पावसात भिजलेल्या पडक्या गावात. तिथले स्नायपर खिडक्यांत आणि ढिगाऱ्यांमागे ठरलेल्या जागीच असतात. घाई करू नका. एका भिंतीआडून डोकं काढा, गोळी कुठून आली ती खिडकी हेरा, मागे या, पुन्हा काढा. एकेक खिडकी साफ करतच पुढे सरकायचं.

याच गेमवर काम केलेल्या मंडळींपैकी काही जण बाहेर पडले आणि त्यांनी इन्फिनिटी वॉर्ड काढली. तिचा पहिला 'कॉल ऑफ ड्यूटी' २००३ चा. स्टॅलिनग्राडमध्ये तुमच्या हातात बंदूक न देता नुसत्या पाच गोळ्यांची क्लिप देतात, तो हाच. तुमच्या यादीत तो तिसरा ठेवा.

नेट कॅफेच्या जमान्यातला 'डेल्टा फोर्स: ब्लॅक हॉक डाउन', साल २००३, आजही या मशीनवर लोण्यासारखा चालतो. पण प्रत्येक मिशनला मोजकेच सेव्ह मिळतात. पहिल्या पाच मिनिटांत ते उधळले तर शेवटी पस्तावायची पाळी. शनिवार-रविवारचा गेम आहे तो.

'कॉल ऑफ ड्यूटी ४', साल २००७, तुमच्या मशीनवर चालेल, पण १२८० बाय ७२० वर आणि सावल्या बंद करून. पुढे कार्ड घ्यायचं झालं तर ऑफिसचा लहान डबा असल्यास कमी उंचीचंच घ्या, शिवाय वेगळी पॉवर केबल न लागणारं. जीटी १०३० बसतं. मात्र त्याच नावाने डीडीआर-फोर मेमरीचं एक कार्ड विकलं जातं, ते जीडीडीआर-फाइव्हवाल्यापेक्षा फार मंद आहे. खोक्यावरचं वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

शाळेत असताना आयजीआय अर्धाच राहिला होता. परत घेतला. अजूनही तिथेच अडतो. एकाला मारलं की दहा येतात. काय चुकतंय?
— एक वाचक, इचलकरंजी

चुकत काही नाही, गेमच तसा आहे. 'प्रोजेक्ट आयजीआय' २००० च्या डिसेंबरात आला. नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओजचा हा गेम, चौदा मिशनचा, आणि मिशनच्या मध्ये सेव्ह अजिबात नाही. पंचवीस मिनिटं रांगत गेलात आणि शेवटच्या दारात गोळी लागली, तर पुन्हा कुंपणापासून सुरुवात.

दहा येतात ते अलार्ममुळे. भोंगा वाजला की बराकीच्या दारातून नवे सैनिक येत राहतात. किती मारले तरी पूर सरत नाही, तुमच्या गोळ्या सरतात. म्हणून मारामारीचा गेम समजून खेळूच नका, हा घरफोडीचा गेम आहे. मिशन सुरू झालं की आधी हातातल्या कॉम्प्युटरवर उपग्रहाचा नकाशा उघडा. कुठला पहारेकरी कुठून कुठे फिरतो ते दोन फेऱ्या नुसतं बघा. कॅमेरे कुठे आहेत आणि ते बंद करणारा कॉम्प्युटर कुठल्या खोलीत आहे ते हेरा. पहिलं काम तो कॉम्प्युटर, बाकी सगळं नंतर. आवाज न करणारी एमपी-फाइव्ह एसडी मिळाली की तिच्या गोळ्या जपून ठेवा. एके-४७ चा एक बार उडाला की सगळा तळ जागा होतो. अलार्म वाजलाच तर बराकीच्या दारासमोर मर्दुमकी दाखवत उभं राहू नका, तिथून निघा.

२००३ च्या 'आयजीआय २' मध्ये सेव्ह आहे, पण तोही मोजून. आठवणींसाठी पहिला, पूर्ण करण्यासाठी दुसरा, असं आमचं मत.

चित्र चौकोनी दिसतं म्हणून ताणू नका. ग्राफिक्स ड्रायव्हरच्या स्केलिंगमध्ये 'ॲस्पेक्ट रेशो कायम ठेवा' निवडा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येऊ द्या. रंग किंवा मजकूर फाटलेला दिसत असेल तर जुन्या गेमचं चित्र नव्या विंडोजवर नीट दाखवणारं डीजीव्हूडू-२ हे सॉफ्टवेअर वापरा. त्याच्या एमएस फोल्डरमधल्या एक्स-८६ मधून डीड्रॉ आणि डी३डीआयएमएम या दोन डीएलएल फाइली उचलून गेम सुरू करणाऱ्या एक्झी फाइलशेजारी ठेवायच्या. लोक एक्स-६४ मधल्या उचलतात आणि काहीच बदललं नाही म्हणतात. विंडोज ६४ बिटचं असलं तरी गेम ३२ बिटचा आहे, त्याला ३२ बिटचीच फाइल लागते.

२००४-०५ मध्ये घेतलेल्या अस्सल सीडी जपून ठेवल्यात. विंडोज १० वर इन्स्टॉल होतात, पण सुरूच होत नाहीत. सीडी खराब झाल्या का?
— एक वाचक, कळंबा

सीडी ठणठणीत असतील. त्या काळातल्या बऱ्याच गेमवर सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं. ते विंडोजच्या गाभ्यात एक ड्रायव्हर बसवून सीडी अस्सल आहे का ते बघायचं. त्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेची भोकं निघाली. विंडोज १० ने त्याला पहिल्यापासूनच दारात उभं केलं नाही, आणि सप्टेंबर २०१५ च्या अपडेटने विंडोज ७ आणि ८ वरही तो बंद झाला. सेक्युरॉम नावाच्या दुसऱ्या कुलुपाच्या जुन्या आवृत्त्यांची गतही तीच. म्हणजे किल्ली तुमच्याकडे आहे, पण भिंतीतलं दारच बुजवून टाकलंय.

मार्ग दोन. तोच गेम डिजिटल दुकानातून पुन्हा घ्या. गॉग नावाच्या दुकानात 'अलाइड असॉल्ट' दोन्ही पुरवण्यांसह वॉर चेस्ट या नावाने मिळतो, त्यावर कुलूप नाही, आणि सेल लागला की किंमत बरीच उतरते. नाहीतर घरात पडलेल्या जुन्या पीसीवर विंडोज एक्सपी ठेवा, त्याची इंटरनेटची वायर काढून टाका आणि सीडी तिथे लावा.

तिसरा मार्ग पेनड्राइव्हवर फुकट फिरत असतो: कुलूप तोडलेली एक्झी. तो धरू नका. अँटीव्हायरसने ती अडवली की "जुना गेम आहे, अलार्म खोटा आहे" असं सांगणारा एक जण भेटतोच. कधी तो खरा असतो, कधी नसतो, आणि कुठला कधी ते एक्झी बघून तुम्हा-आम्हाला कळत नाही.

विंडोज ७ वर स्टीम उघडत नाही. पीसी तोच ठेवायचाय.
— एक वाचक, कागल

१ जानेवारी २०२४ पासून स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानाने विंडोज ७ आणि ८ ला रामराम केला. गॉगचा ऑफलाइन इन्स्टॉलर ब्राउझरमधून दुसऱ्या पीसीवर उतरवून पेनड्राइव्हने आणा. त्याला स्टीमसारखा कुठला लाँचर, म्हणजे गेम उघडून देणारं वेगळं सॉफ्टवेअर, लागत नाही.

अलाइड असॉल्ट नव्या पीसीवर उघडताना लगेच बंद पडतो. मित्राच्या पीसीवर चालतो, पण रुंद मॉनिटरवर बंदूक नाकाशी आल्यासारखी दिसते.
— एक वाचक, रुईकर कॉलनी

दोन वेगळी दुखणी आहेत. पहिलं असं: हा गेम क्वेक ३ च्या इंजिनवर बांधलेला आहे. सुरू होताना तो ग्राफिक्स ड्रायव्हरला विचारतो, "तुला काय काय येतं?" २००२ मधला ड्रायव्हर चार ओळींत उत्तर द्यायचा. आजचा ड्रायव्हर लांबलचक यादी वाचतो, ती लिहून घ्यायला गेमने ठेवलेली जागा संपते आणि गेम कोसळतो. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये या गेमपुरतं 'एक्स्टेन्शन लिमिट' चालू करा. सीडीवरची आवृत्ती असेल तर गॉगची टाकून बघा. हार्डवेअर बदलायला धावू नका.

दुसरं रुंदीचं. गेम बंद करून त्याच्या फोल्डरमधलं मेन नावाचं फोल्डर उघडा, त्यात कॉन्फिग्ज, आणि त्यात अननेम्डसोल्जर नावाची फाइल. नोटपॅडमध्ये उघडून तीन ओळी बदला: आर_मोड वजा १, आर_कस्टमविड्थ १९२०, आर_कस्टमहाइट १०८०. नावं अर्थातच इंग्रजी लहान अक्षरांत, मधे अंडरस्कोर. गेम चालू असताना बदललंत तर बंद होताना तो स्वतःच्या जुन्या ओळी पुन्हा लिहितो आणि तुमचं काम पाण्यात जातं.

एवढ्याने चित्र भरून दिसेल, पण डोक्याकडून आणि पायाकडून कापलेलं. कारण हे इंजिन आडवा कोन धरून चालतं. ४ बाय ३ च्या पडद्यासाठी ठरवलेले ८० अंश १६ बाय ९ वर पसरले की उभी नजर आखूड होते, आणि म्हणून बंदूक नाकाशी येते. त्याच फाइलीत नजरेचा कोन ठरवणारी सीजी_एफओव्ही ही ओळ ९६ करा. हा आकडा हवेतला नाही: ८० च्या निम्म्याची टॅन्जंट काढा, चार-तृतीयांशने गुणा, उलट कोन काढून दुप्पट करा, ९६ च्या आसपास येतो. ११० वगैरे करू नका, कडेची माणसं आरशांच्या जत्रेतल्यासारखी लांबट दिसतात. स्पिअरहेड आणि ब्रेकथ्रू या पुरवण्यांची फोल्डरं वेगळी आहेत, मेनटीए आणि मेनटीटी, तिथेही हेच करावं लागेल.

आमचे मामा फौजेतून निवृत्त झालेत. कॉल ऑफ ड्यूटी बघून हसतात: "असं पळालास तर पहिल्या मिनिटाला जाशील." मामांना दाखवण्यासारखा जुना गेम आहे का?
— एक वाचक, सैनिक टाकळी

आहे, आणि मामांचं हसू तिथे थांबेल. 'ऑपरेशन फ्लॅशपॉइंट: कोल्ड वॉर क्रायसिस', जून २००१, चेक देशातल्या बोहेमिया इंटरॲक्टिव्हचा. नावाचा हक्क प्रकाशकाकडे राहिल्यामुळे हाच गेम आता 'आर्मा: कोल्ड वॉर असॉल्ट' या नावाने मिळतो, जुन्या नावाने शोधत बसू नका.

१९८५ साल, एव्हरॉन, माल्डेन आणि कोल्गुएव्ह ही तीन काल्पनिक बेटं. तुम्ही साधे शिपाई, पाठीमागच्या रांगेतले. एक गोळी लागली की बहुधा खेळ संपला, पायाला लागली तर सरपटत जायचं. शत्रू दिसतो तो तीनशे मीटरवरच्या झाडीत हलणारा ठिपका म्हणून. आवाजाचाही हिशेब आहे: दूरचा स्फोट आधी दिसतो आणि मग ऐकू येतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, तेव्हा उजेड आणि धडाका यांत तीन सेकंद गेले तर तो रणगाडा किलोमीटरभर लांब आहे. मामांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

अख्ख्या मिशनला स्वतः करायचा सेव्ह एकच. तो कधी खर्चायचा यावर मिशन तरतं किंवा बुडतं. आमचा सल्ला: लांबचा प्रवास संपून चकमकीआधीच्या शेवटच्या आडोशाला पोचलात, सोबतची माणसं शाबूत आहेत आणि गोळ्या पुरेशा आहेत, तिथे. ट्रकमधून उतरल्या उतरल्या केलेला सेव्ह वाया गेला समजा. चकमकीच्या मधोमध केलेला तर त्याहून वाईट, कारण गोळी नळीतून निघालेली असते आणि तुम्ही दरवेळी त्याच गोळीसमोर जागे होता.

पुढे तुकडी हाताखाली येते. एफ-२ पासूनच्या कळांनी एकेक गडी निवडायचा आणि आकड्यांच्या यादीतून हुकूम सोडायचा. सुरुवातीला सगळ्यांना 'आडवे व्हा' आणि 'गोळीबार थांबवा' हे दोनच हुकूम नीट शिका. गडी स्वतःच्या मर्जीने गोळी झाडतात आणि सगळ्यांचा पत्ता सांगून टाकतात, तुकडी मरते ती बहुतेक यामुळे. दिसण्याचं अंतर मुळात ९०० मीटर ठेवलेलं असतं, ते तुमच्या आजच्या पीसीवर वाढवा. आवाजाच्या पर्यायांत हार्डवेअर ॲक्सिलरेशन आणि ईएएक्स दोन्ही बंद ठेवा. विंडोज व्हिस्टापासून तो मार्ग मोडीत निघालाय, चालू ठेवलं तर आवाज तुटतो किंवा गेमच पडतो.

यातला मिशन एडिटर वेगळाच नाद आहे. रिकामं बेट घ्या, एक तुकडी ठेवा, समोर एक ठेवा, वाटेचे टप्पे आखा आणि 'प्रीव्ह्यू' दाबा. नकाशावर बोट ठेवून "इथून नको, त्या ओढ्यातून ये" असं मामा सांगायला लागले की संध्याकाळ गेलीच.

याच जातीचा दुसरा 'घोस्ट रिकॉन', नोव्हेंबर २००१. पडद्यावर बंदूकसुद्धा दिसत नाही, नुसती नेमाची खूण. चालताना ती खूण पसरते, थांबलं की आवळते, मग झाडायची. त्याची गोष्ट २००८ मधल्या जॉर्जिया-रशिया संघर्षाची आहे, आणि त्याच साली ऑगस्टमध्ये तिथे खरंच युद्ध झालं. गेम बनवणाऱ्यांना तारीख पाठ होती असं नाही, पण वाचून अंगावर काटा येतो.

मामांना डावपेच दाखवायचे पण धीर कमी असेल तर 'ब्रदर्स इन आर्म्स: रोड टू हिल ३०', साल २००५. एका तुकडीने गोळीबार करून शत्रूला दाबून ठेवायचं, दुसरीने कडेने वळसा घालायचा. शत्रूच्या डोक्यावर लाल वर्तुळ असतं, दाबला गेला की ते राखाडी होत जातं. पूर्ण राखाडी झाल्याशिवाय वळसा सुरू करू नका. समोरून भिडलात तर हा गेम मुद्दाम नेम चुकवायला लावतो, तेव्हा माउसला शिव्या देऊ नका.

तालमीच्या खोलीत सहा पीसी जमवतोय. इंटरनेट नाही. सगळे एकमेकांशी खेळू शकतील असा जुना गेम आणि जोडणी सांगा.
— एक वाचक, शिवाजी पेठ

आधी कुठला नको ते ऐका: २००९ चा 'मॉडर्न वॉरफेअर २'. नाव मोठं, पण पीसीवर त्यात लॅनच नाही, म्हणजे इंटरनेटशिवाय पीसी एकमेकांना जोडून खेळायची सोयच नाही. आयत्या वेळी पुष्कळांचा पचका होतो.

एकमेकांवर खेळायला 'कॉल ऑफ ड्यूटी ४' चांगला. सहा जणांनी मिळून मशीनशी लढायचं असेल तर 'घोस्ट रिकॉन' किंवा 'बॅटलफील्ड १९४२', साल २००२. दुसऱ्यात उरलेल्या जागा बॉट, म्हणजे कॉम्प्युटरच चालवतो ते खेळाडू, भरतात, म्हणून सहा माणसांतही मैदान ओसाड वाटत नाही. 'काउंटर-स्ट्राइक १.६' सगळ्यांना येतोच, पण त्यात मुळात बॉट नाहीत, ते 'कंडिशन झीरो'त आहेत. प्रत्येक पीसीला गेमची स्वतःची प्रत लागेल, एकच सीडी-की सहा ठिकाणी टाकली तर एकेक जण बाहेर फेकला जातो.

जोडणी अशी. आठ पोर्टचा साधा स्विच, प्रत्येक पीसीला कॅट-५ई ची वायर. १०० एमबीपीएसचा स्विच पुरतो. वायफाय नको, एका खोलीत सहा जण एकाच लहरीवर आले की उड्या सुरू होतात. राउटर नसल्यामुळे आयपी कुणी वाटणार नाही, हाताने द्या: १९२.१६८.१.११ पासून १६ पर्यंत, सबनेट मास्क सगळ्यांना २५५.२५५.२५५.०, गेटवे रिकामा. मग एका पीसीवरून दुसऱ्याला पिंग करा. उत्तर आलं नाही तर गेम उघडण्यात अर्थ नाही. बहुतेक वेळा विंडोजने नेटवर्क 'पब्लिक' ठरवलेलं असतं, ते 'प्रायव्हेट' करा आणि फायरवॉलमध्ये गेमला परवानगी द्या. 'कॉल ऑफ ड्यूटी ४' खेळणार असाल तर तो सगळीकडे १.७ याच आवृत्तीचा हवा. एकाने नवा सर्व्हर काढायचा, बाकीच्यांनी यादीत 'सोर्स' लोकलवर ठेवून ताजी करायची. तरी दिसला नाही तर कन्सोलमध्ये, म्हणजे गेममधल्या हुकूम टाइप करायच्या पट्टीत, कनेक्ट, मग सर्व्हरचा आयपी, कोलन आणि २८९६०. एखाद्या पीसीवर व्हीपीएन किंवा व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर असेल तर त्याचं खोटं नेटवर्क कार्ड बंद करा. गेम चुकून त्याच्याच दारावर हाका मारत बसतो.

सहापैकी एखादा पीसी गेम उघडतानाच पडेल. त्याला माइक जोडलेला नसेल. 'कॉल ऑफ ड्यूटी ४' ला आवाज घेणारं काहीतरी सापडावं लागतं. जुना हेडफोन-माइक खोचा, किंवा रेकॉर्डिंगच्या यादीत 'स्टिरिओ मिक्स' चालू करा.

आणि लाइटचं बघा. ऑफिसचा पीसी मॉनिटरसकट खेळताना १००-१२० वॅट घेतो असं धरा, सहांचे सातशेच्या घरात गेले. ९०० व्हीएचा घरगुती इन्व्हर्टर तिथे शेवटच्या घटकेला पोचलेला असतो. पावसाळ्यात लाइट गेली तर तीनच पीसी इन्व्हर्टरवर ठेवा, सर्व्हरवाला त्यांत हवाच.

जुन्या गेमवर ऑनलाइन अजून माणसं भेटतात का?
— एक वाचक, जयसिंगपूर

भेटतात, पण कुठे जाताय ते बघून जा. २०१४ मध्ये गेमस्पाय ही ऑनलाइन खेळाडूंची गाठ घालून देणारी सेवा बंद झाली आणि तिच्या आधारावरचे 'बॅटलफील्ड १९४२', 'बॅटलफील्ड २' वगैरे पोरके झाले. 'बॅटलफील्ड: बॅड कंपनी २' एप्रिल २०२३ मध्ये विक्रीतून काढला आणि ८ डिसेंबरला त्याचे अधिकृत सर्व्हर बंद केले. सीडी मिळाली तरी ती आता एकट्याने खेळायची. जुन्या 'कॉल ऑफ ड्यूटी'चा मामला जास्त नाजूक आहे. जुलै २०२३ मध्ये 'मॉडर्न वॉरफेअर २' च्या लॉबीतून, म्हणजे सामन्याआधी खेळाडू जमतात त्या जागेतून, आपोआप पसरणारा व्हायरस निघाला आणि स्टीमवरचं ऑनलाइन बंद करावं लागलं. ज्या पीसीवर बँकेचं काम करता त्यावरून या जुन्या लॉब्यांत जाऊ नका.

खात्रीने गर्दी हवी असेल तर 'प्रोजेक्ट रिॲलिटी'. 'बॅटलफील्ड २' वर बेतलेला, आता फुकट आणि स्वतंत्र, एका सर्व्हरवर शंभर जणांपर्यंत. पहिल्या दिवशी माइक लावून गटप्रमुखाचं ऐका. एकटा पळणारा तिथे कुणाला आवडत नाही.

मुलगा बारा वर्षांचा आहे. रक्त-मांस न दाखवणारा यातला कुठला?
— एक पालक, नागाळा पार्क

'अलाइड असॉल्ट' आणि पहिले दोन 'कॉल ऑफ ड्यूटी' यांना अमेरिकेच्या ईएसआरबी मंडळाने टीन, म्हणजे तेरा वर्षांपासून पुढे, असा दर्जा दिला आहे. 'कॉल ऑफ ड्यूटी ४' आणि 'ब्रदर्स इन आर्म्स' यांना मॅच्युअर, म्हणजे सतरा. बाराव्या वर्षी द्यायचाच तर 'अलाइड असॉल्ट', त्यात रक्त दाखवलेलं नाही. ओमाहाच्या मिशनला मात्र शेजारी बसा. ऑनलाइन नको.

पीसी फॉरमॅट करून आणला. डी ड्राइव्ह शाबूत, पण प्रोग्राम फाइल्समध्ये टाकलेल्या गेमचे सगळे सेव्ह गेले. ते नेमके असतात कुठे?
— एक वाचक, फुलेवाडी

जुने गेम सेव्ह स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहितात. 'अलाइड असॉल्ट' मेनच्या आतल्या सेव्हमध्ये, 'फ्लॅशपॉइंट' यूजर्स नावाच्या फोल्डरमध्ये. पण प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायला विंडोज व्हिस्टापासून मनाई आहे. विंडोज गेमला तसं सांगत नाही, गुपचूप फाइल दुसरीकडे वळवतं: तुमच्या यूजर फोल्डरमधला लपवलेला ॲपडेटा, त्यात लोकल, त्यात व्हर्च्युअलस्टोअर. त्यामुळे गेमचं फोल्डर जपूनही सेव्ह जातात. सी ड्राइव्ह पुसला की ते हातचे गेले.

यापुढे जुने गेम डी ड्राइव्हवर 'गेम्स' असं फोल्डर करून त्यातच टाका. तिथे मनाई नाही, सेव्ह गेमशेजारीच राहतात. पुन्हा फॉरमॅटला देण्याआधी ते अख्खं फोल्डर आणि व्हर्च्युअलस्टोअर, दोन्ही पेनड्राइव्हवर घ्या, आणि पेनड्राइव्ह पीसीसोबत दुकानात पाठवू नका.